चासीचा गंज बाहेर दिसतो त्याहून आत जास्त असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिकअप अकरा वर्षांची झाली आहे. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या आसपास चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, तपकिरी पापुद्रे सुटू लागलेत. गॅरेजमध्ये सांगितलं की वायर ब्रश मारून वरून जाड काळं अंडरकोटिंग फवारू, मग पाच वर्षं बघायला नको. हे करावं का, आणि नसेल करायचं तर काय करावं?

करू नका. चासी आतून बघितल्याशिवाय तर मुळीच नको. गेली बावीस वर्षं मी चासीचं वेल्डिंग आणि गंजाचं काम करतोय. या काळात उघड्या गंजापेक्षा अशा काळ्या थराखाली झाकलेल्या गंजाने जास्त चासी गेलेल्या पाहिल्यात.

एक गाडी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. खालून काळीभोर, एकसारखी, नवी वाटावी अशी. मालकाने दोनच वर्षांपूर्वी कोटिंग करून घेतलं होतं. पाटा चासीला टांगणाऱ्या मागच्या हँगरच्या वर मी अंगठ्याने दाबलं तर थर किंचित आत गेला. लोखंडावरचा थर असा दबत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, म्हणावा तसा जोरही लावला नाही, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून ओला, दाट, चॉकलेटी गाळ ओघळला. त्याआधी कित्येक दिवस पाऊस नव्हता, तरी आत पाणी होतं. बोटांमध्ये चोळला तर त्यात रेती होती आणि नखाएवढे पत्र्याचे पापुद्रे होते. त्या जागी चासी उरलीच नव्हती, रबरी थराने फक्त तिचा आकार धरून ठेवला होता. गाडी मात्र रोज भरून चालत होती.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं काम सोपं होतं. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन हे तीन एकत्र आले की गंज चढतो. यातलं एक जरी काढून घेतलं तरी गंज थांबतो. तो एखाद्या रोगासारखा आपोआप पसरत जात नाही. कोरड्या लोखंडावरचा जुना गंज वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. म्हणून खरी लढाई ओलाव्याशी आहे, रंग त्यानंतर येतो.

ओलावा टिकवतो तो चिखल. चासीच्या कोपऱ्यात मूठभर माती साचली की ती पाणी धरून ठेवते, आणि बाकीची गाडी तासाभरात वाळली तरी तो कोपरा आठवडाभर ओला राहतो. शिवाय मातीच्या थराखाली हवा कमी पोहोचते आणि कडेला जास्त. या फरकामुळे एकाच पत्र्यावर विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि कमी हवेची जागा खाल्ली जाते. चिखलाखाली हवा नाही म्हणजे गंजही नाही असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पत्रा सडतो तो तिथेच.

मीठ आलं की वेग वाढतो. समुद्राकाठची हवा असो की बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ, परिणाम सारखाच. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि त्यातलं क्लोराइड लोखंडावरचा बारीक संरक्षक थर फोडत राहतं. मीठ हवेतली आर्द्रताही ओढून घेतं. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःहून विरघळतं. रस्त्यांवर वापरली जाणारी कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड ही क्षारं तर तीसेक टक्क्यांनाच ओली होतात. थोडक्यात, तुम्हाला चासी कोरडी दिसत असते तेव्हाही तिच्या भेगांमध्ये ओलं काम चालू असतं. बर्फाच्या प्रदेशात मीठ लागलेली गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये लावली तर ती बाहेर थंडीत उभी केल्यापेक्षा जास्त गंजते, कारण उबेत बर्फ वितळतं आणि रासायनिक क्रियेचा वेगही वाढतो.

आता चासीच्या बांधणीकडे या. पिकअपची चासी म्हणजे दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर. काही गाड्यांत बीम सी आकाराच्या उघड्या चॅनलचे असतात, काहींत चारही बाजूंनी बंद पेटीसारखे. उघडा चॅनल निदान दिसतो आणि धुता येतो. बंद बीम जास्त मजबूत असतो, पण चाकांनी उडवलेलं पाणी आणि माती भोकांमधून आत जाते आणि तिथेच बसते. कारखान्यातल्या रंगाचा थरही आतल्या बाजूला बरेचदा पातळ असतो. बीमच्या तळाला पाणी निचरण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की बीमचा हौद होतो.

हा प्रश्न किती मोठा असू शकतो याचं एक जाहीर उदाहरण आहे. चासींना पुरेसं गंजरोधक संरक्षण नाही, अशा तक्रारीवरून टोयोटाने २०१६ मध्ये अमेरिकेत दाव्यात तडजोड केली. टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या मॉडेलांच्या ठरावीक वर्षांच्या मिळून सुमारे १५ लाख गाड्या त्यात आल्या. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण चासी तपासून गरज असेल तिथे बदलून देण्याचं कबूल केलं. दणकट म्हणून नाव असलेल्या गाड्यांची ही गोष्ट आहे. तेव्हा आपली गाडी भक्कम आहे म्हणून तपासणी टाळू नका.

तपासणीआधी एक गोष्ट, आणि ही मी हात जोडून सांगतो. गंजलेली चासी जॅकवर उचलू नका. शंका असलेल्या बीमखाली जॅक लावला तर बीम चेपून गाडी घसरू शकते. जॅक ॲक्सलखाली लावा, मग भक्कम स्टँड द्या, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवाच. वर बघून ठोकताना पहिला पापुद्रा डोळ्यातच पडतो.

बघायचं कुठे? मागच्या ॲक्सलच्या वर जिथे बीम वाकून वर चढतो तिथे. पाट्यांचे हँगर आणि शॅकल (पाटा टांगणारी हलती कडी) जिथे रिव्हेट किंवा वेल्ड केलेत तिथे. क्रॉस मेंबरच्या सांध्यांवर, केबिनच्या माउंटिंगखाली, डिझेलच्या टाकीच्या वरच्या बाजूला, स्टेपनीच्या मागे. जिथे दोन पत्रे एकावर एक बसतात तिथे विशेष लक्ष द्या. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये गंज धरला की तो पाचरीसारखा पत्रे फाकवतो. सरळ असलेली पट्टी रिव्हेटांच्या मध्ये फुगलेली दिसली की आत काय चाललंय ते समजा.

मग हातोडी घ्या. साधी गोल डोक्याची, अर्धा किलोपर्यंतची. जिथे लोखंड नक्की चांगलं आहे, म्हणजे बहुधा केबिनच्या खाली मधल्या भागात, तिथे आधी ठोका आणि तो आवाज कानात ठेवा. तो खणखणीत असतो आणि हातोडी हाताला उलटते. मग वीत-वीत अंतराने मागे ठोकत जा. आवाज बसका झाला, हातोडी उलटेनाशी झाली, की तिथे खडूने खूण करा. खूण केलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक जोराने दाबून बघा. शेवटी निचऱ्याच्या भोकातून एंडोस्कोप, म्हणजे बारीक तारेच्या टोकावरचा कॅमेरा, आत सोडा. मोबाइलला जोडता येणारा साधा कॅमेरासुद्धा पुरतो. ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी सांगणारा अल्ट्रासॉनिक जाडी मापक मिळाला तर सोन्याहून पिवळं. पिकअपच्या चासीचा पत्रा साधारण तीन ते पाच मिलिमीटरचा असतो, पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपल्याच बीमच्या चांगल्या भागाची जाडी आधी मोजा आणि खराब भागाची तुलना तिच्याशी करा.

यावरून गाडी तीनपैकी कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. नुसती तपकिरी झाक, नखाने खरवडली तर पावडर निघते आणि आवाज खणखणीत आहे, तर हा वरवरचा गंज. घरच्या घरी आवरता येतो. पापुद्रे सुटतात, खाली खड्डे आहेत, पण स्क्रूड्रायव्हर जात नाही, तर ही दुसरी पायरी. तुमच्या वर्णनावरून तुमची गाडी बहुधा इथे आहे. टोक आत गेलं, भोक पडलं किंवा भेग दिसली, तर तिसरी पायरी. तिथे रंग, कन्व्हर्टर (गंजाचं रूपांतर करणारं रसायन), पुटी यांचा काही उपयोग नाही. जाडीच्या बाबतीत माझा स्वतःचा दंडक असा की चौथा हिस्सा गेला की मी त्या जागेला रंगकाम म्हणत नाही, दुरुस्ती म्हणतो. जाडी जितकी घटते जवळजवळ तितकी ताकद घटतेच, शिवाय प्रत्येक खड्डा ताण एका जागी गोळा करतो आणि भेग तिथून सुटते.

दुसऱ्या पायरीचं काम कसं करायचं ते नीट सांगतो. बहुतेक कामं इथेच बिघडतात.

आधी धुणं, आणि ते आतून. निचऱ्याची सगळी भोकं वाकड्या तारेने मोकळी करा. बीमच्या वरच्या किंवा बाजूच्या भोकातून लवचीक नळी आत सरकवा आणि खालून येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत वाहू द्या. एका बीममधून बादलीभर माती निघाली तर दचकू नका. मीठ गार पाण्यातही विरघळतं, गरम पाण्याची गरज नाही. बाहेरून प्रेशर वॉशर चालेल, पण बेअरिंग, सील आणि वायरिंगच्या कनेक्टरवर थेट धार मारू नका. मग गाडी दोन-तीन दिवस कोरड्या हवेत उभी ठेवा. जमलं तर बीममध्ये ब्लोअरची हवा सोडा.

त्यानंतर ग्रीस आणि तेल डिग्रीझरने काढा, ब्रश मारायच्या आधी. उलट क्रमाने केलं तर ब्रश तेच तेल खड्ड्यांमध्ये घासून भरतो. जाड खपल्या छिन्नी-हातोडीने किंवा नीडल स्केलरने, म्हणजे सुयांनी ठोकणाऱ्या यंत्राने, उडवा. मग वायर व्हील. इथे एक फसगत होते. वायर व्हील घट्ट बसलेला गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतं. तपकिरी-काळी चकाकी येते, लोखंड निघालं असं वाटतं, आणि त्यावर रंग मारला जातो. उजेडात तिरकं बघा. स्वच्छ लोखंड राखाडी दिसतं, त्यात काळे ठिपके दिसले तर ते गंजाने भरलेले खड्डे आहेत. तिथे फ्लॅप डिस्क किंवा स्ट्रिपिंग डिस्क वापरा, पण हलक्या हाताने. ग्राइंडरने चांगलं लोखंड खाऊ नका. सँडब्लास्टिंग करता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. फक्त बंद बीममध्ये रेती जाऊ नये म्हणून भोकं बुजवून घ्या आणि नंतर आठवणीने उघडा.

घासून झालेली चासी एक रात्र तशीच ठेवून बघा. सकाळी काही ठिपके ओलसर, घामेजल्यासारखे दिसले तर त्या खड्ड्यांत मीठ उरलंय. पुन्हा धुवा, वाळवा, घासा. हा एक दिवस वाचवायच्या नादात वर्षभराने तिथेच फोड आलेले मी पाहिलेत.

कन्व्हर्टरबद्दल बरेच गैरसमज आहेत. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. पहिलं गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं, दुसरं निळसर-काळ्या टॅनेटमध्ये. दोन्ही पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर काम करतात. जाड खपलीवर ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. लख्ख लोखंडावर कन्व्हर्टरचा उपयोग नाही. म्हणून ते खड्ड्यांपुरतं वापरा, डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, हातमोजे घाला. जास्त ताकदीच्या, कडक केलेल्या बोल्टांना आम्लापासून दूर ठेवा, कारण आम्लातून सुटलेला हायड्रोजन असं पोलाद ठिसूळ करू शकतो.

प्रायमर दोन घटकांचा इपॉक्सी घ्या. झिंकचा प्रायमर उत्तम असतो, पण त्यातलं जस्त लोखंडाला प्रत्यक्ष टेकलं तरच ते आधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. गंजावर किंवा कन्व्हर्टरवर मारलेला झिंक प्रायमर हा नुसता राखाडी रंग होतो. कडा, वेल्ड आणि बोल्टांची डोकी यांना आधी ब्रशने एक हात द्या आणि मग सगळीकडे मारा, कारण धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. गंज परत येतो तो कडेवरूनच. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, निदान ३ अंश सेल्सियसने जास्त असावं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा दमटपणा रंगाखाली अडकतो. पहाटे किंवा पाऊस उघडल्याबरोबर रंग मारू नये तो यासाठी. इपॉक्सीवर चासीचा टॉप कोट मारा. इपॉक्सी उन्हाने भुकटते, आणि ओलाव्यावर वाळणारे युरेथेन रंगही ऊन सोसत नाहीत.

आता बीमची आतली बाजू. जितकं मन लावून बाहेरचं केलंत त्याहून जास्त इथे लावा. आत घासता येत नाही, म्हणून कडक रंग नको, तिथे रांगत जाणारं मऊ संरक्षण हवं. कॅव्हिटी वॅक्स म्हणजे पोकळीत फवारायचं मेण, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, किंवा गंजरोधक तेल. चारही बाजूंना फवारा सोडणारं टोक असलेली लांब नळी बीमच्या टोकापर्यंत आत घाला, फवारा सुरू करा आणि नळी सावकाश मागे ओढत या. खालच्या भोकांतून थेंब पडायला लागले की समजा पोहोचलं. उबदार, कोरड्या दिवशी करा, थंडीत वॅक्स भेगांत शिरत नाही. डबा कोमट पाण्यात ठेवला तर फवारा चांगला सुटतो. दुसऱ्या दिवशी निचऱ्याची भोकं पुन्हा तारेने उघडा, कारण वॅक्सनेही ती बुजतात. मी स्वतः नव्या, कोरड्या बीमला वॅक्स देतो आणि जुन्या गंजलेल्या बीमला तेल किंवा लॅनोलिन. वॅक्स जुन्या गंजाच्या वर बसतं, तेल त्याच्यात मुरतं.

जाड रबरी किंवा डांबरी अंडरकोटिंगला मी विरोध करतो तो याच कारणाने. नव्या, स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर ते दगडांचा मार चांगला झेलतं. पण काही वर्षांत ते कडक होतं, दगडाने एखादी बारीक चीर पडते, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून काळं, आतून ओलं. मऊ थराला ओरखडा गेला तर तो उघडपणे दिसतो आणि बऱ्याच वेळा आपोआप भरूनही येतो. त्याबदली तो दर वर्षी लावावा लागतो, हे मान्य करून चला.

इंजिनचं जळकं ऑइल फासायची पद्धत सगळीकडे आहे. ती सोडा. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूचे कण असतात, ते रस्त्यावर आणि पाण्यात ठिबकतं, रबरी बुश फुगवतं आणि ब्रेकवर उडालं तर जिवावर बेततं. गाडीच्या बॅटरीला जोडायची गंजरोधक इलेक्ट्रॉनिक उपकरणंही घेऊ नका. विजेने गंज रोखण्याचं तंत्र खरं आहे, जहाजांना आणि जमिनीतल्या पाइपलाइनना ते लावतात. पण तिथे सगळं लोखंड सलग पाण्यात किंवा ओल्या मातीत असतं. हवेत उभ्या असलेल्या गाडीला तसं सलग माध्यम मिळत नाही.

कुठलाही फवारा मारताना ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, सायलेन्सर, सेन्सर आणि टायर झाकून घ्या.

तिसऱ्या पायरीची, म्हणजे भोक पडलेल्या चासीची दुरुस्ती घरी करू नका. तरी काम करून घेताना काय बघायचं ते माहीत असू द्या. सडलेल्या भागावर वरून पट्टी ठोकून वेल्ड करणारा कारागीर टाळा. सड कापून चांगल्या लोखंडापर्यंत गेलं पाहिजे. जोडपट्टीची टोकं सरळ उभी नकोत, माशाच्या तोंडासारखी किंवा तिरकी कापलेली हवीत, म्हणजे वेल्डची एकच रेघ बीमला आडवी जात नाही. बीमच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत नवी भोकं पाडू देऊ नका, वाकण्याचा ताण तिथे सर्वाधिक असतो. गाडीच्या निर्मात्याचं दुरुस्ती मॅन्युअल आधी बघायला सांगा, कारण काही चासी जास्त ताकदीच्या पोलादाच्या असतात आणि वेल्डच्या उष्णतेने ते मऊ पडतं. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवलेली हवी, टाकी आणि नळ्या बाजूला हव्यात, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ हवा. बीममध्ये आधी वॅक्स किंवा तेल मारलेलं असेल तर ते सांगाच, ते पेटतं. वेल्ड झाल्यावर आतली बाजू जळून उघडी पडते, तेव्हा आतून पुन्हा फवारणी केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. पाट्याच्या हँगरजवळ किंवा स्टिअरिंगच्या माउंटिंगजवळ भोक असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका, रिकामीसुद्धा नाही.

खाली आहातच तर ब्रेकच्या पोलादी नळ्या बघा. त्या चासीला चिकटूनच जातात, चासी गंजली तर त्याही गंजलेल्या असतात, आणि त्यांच्या पत्र्याची जाडी मिलिमीटरच्याही आत असते. क्लिपच्या खाली बोटाने चाचपा. खडबडीत लागल्या तर बदला, आणि नवीन टाकताना तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या मिळाल्या तर त्या टाका.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात हातोडी आणि कॅमेऱ्याने तपासणी. स्क्रूड्रायव्हर कुठेही आत गेला नाही तर कोरडा ऋतू बघून दुसऱ्या पायरीचं काम, त्याला धुऊन वाळवायचे दिवस सोडून तीन-चार दिवस सलग द्या. मग वर्षातून एकदा, ओला किंवा बर्फाचा मोसम सुरू व्हायच्या आधी, आतून-बाहेरून मऊ थराचा हात. मोसम चालू असताना दोन-तीन आठवड्यांनी खालून साध्या पाण्याने धुणं, आणि समुद्राच्या वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात गाडी गेली तर त्याच दिवशी. दर धुण्याला तारेचा एक तुकडा जवळ ठेवा आणि निचऱ्याच्या प्रत्येक भोकात घाला. पाणी आलं तर बीम मोकळा आहे. तार गाळात रुतली तर तिथे पुन्हा नळी लावा.